वाढत्या नागपुरात घर कुठे आणि काम कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुडकेश्वर रोडच्या आमच्या ले-आऊटमध्ये (प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत) महिन्याच्या पहिल्या रविवारी हनुमान मंदिराच्या ओट्यावर नागरिक समितीची बैठक बसते. विषय नालीचा असो की पथदिव्यांचा, अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच, "ताई, पोरांसाठी प्लॉट घ्यायचा, पण कोणत्या बाजूला?" किंवा "मिहानमध्ये, त्या विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पात, खरंच नोकऱ्या आहेत का?" समितीची सचिव म्हणून ही उत्तरं मी अनेकदा तोंडी दिली आहेत. आता ती एकदा नीट लिहून ठेवते. मी वकील नाही आणि नगररचनाकारही नाही. पण एकोणीस वर्षं याच कागदांमागे फिरते आहे, त्यामुळे जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच इथे लिहिलं आहे.

विकास आराखडा म्हणजे काय, आणि माझ्या घराशी त्याचा काय संबंध?

शहर पुढच्या वीस वर्षांत कसं वाढेल याचा अंदाज बांधून कोणती जमीन कशासाठी वापरायची, हे ठरवणारा कायदेशीर नकाशा म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्रात तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली तयार होतो, आणि दर वीस वर्षांनी किमान एकदा त्याची उजळणी व्हावी असं तोच कायदा सांगतो. नागपूर शहराचा सुधारित आराखडा २०००-०१ मध्ये मंजूर झाला. तेव्हा मेट्रो नव्हती, एम्स नव्हतं, समृद्धी महामार्ग नव्हता. हुडकेश्वर आणि नरसाळा तर महापालिकेतही नव्हते, ते २०१३ मध्ये आले.

तुमच्या घरासमोरचा रस्ता नऊ मीटरचा होणार की अठराचा, मागच्या मोकळ्या जागेवर शाळा येणार की इमारत, तुमच्या प्लॉटवर सार्वजनिक कामाचं एखादं आरक्षण आहे का, हे सगळं याच नकाशात असतं. घर बांधताना वास्तुशांतीचा मुहूर्त आपण तीनदा पाहतो. हा नकाशा मात्र एकदाही पाहत नाही.

नागपूरला आणखी किती घरं लागतील?

हे गणित घरीही करता येतं, आणि प्रत्येकाने एकदा करून पाहावं. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २०,५२,०६६ होती, २०११ मध्ये ती २४,०५,६६५ झाली. दहा वर्षांत साडेतीन लाख माणसं वाढली. घरटी चार माणसं धरली तर एवढ्यांसाठी सुमारे ८८ हजार घरं लागतात. म्हणजे दिवसाला चोवीस घरं, आणि तीही दहा वर्षं रोज, दिवाळीची सुटीसुद्धा न घेता.

यात एक गोष्ट सहसा सुटते. बाहेरून एकही माणूस आला नाही तरी घरांची गरज वाढतेच, कारण कुटुंबं लहान होत जातात. चोवीस लाख लोक पाच-पाचच्या कुटुंबात राहत असतील तर ४ लाख ८० हजार घरं पुरतात. तेच लोक चार-चारच्या कुटुंबात राहू लागले की ६ लाख घरं लागतात. माणसं तेवढीच राहिली आणि घरं एक लाख वीस हजारांनी वाढली! महालातल्या एका वाड्यात तीन भाऊ एकत्र राहायचे, आता तिघांचे तीन फ्लॅट आहेत. त्यात कुणाचं काही चुकलं नाही, पण आराखड्यात याचा हिशेब हवा.

घरं बिल्डर बांधतात आणि नोकऱ्या कंपन्या देतात. मग दोन्हींचं नियोजन एकत्र कशाला?

कारण आपण रोज या दोन्हींच्या मधल्या अंतरात जगतो. या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. १८७७ मध्ये सुरू झालेली टाटांची ही मिल जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागरच्या काठाला होती. घर इतवारीत. भोंगा वाजला की निघायचे आणि पायी चालत वीस मिनिटांत आत. दुपारचा डबा सासूबाई ताजा करून पाठवायच्या, तो गरम असतानाच पोचायचा. पगार मोठा नव्हता, पण पगारातला एक पैसाही येण्याजाण्यावर जात नव्हता. इतवारी, गांधीबाग, गोळीबार चौक या भागांत विणकरांच्या तर घरातच माग होते. ते जुनं नागपूर दाट होतं, अडचणीचं होतं, पण काम हाकेच्या अंतरावर होतं. २००२ मध्ये मिल बंद झाली. मिलच्या जागेवर पुढे मॉल आणि फ्लॅट उभे राहिले.

आता माझ्या नवऱ्याचं बघा. आमचं घर शहराच्या दक्षिण टोकाला आणि त्यांची कंपनी हिंगणा एमआयडीसीत, म्हणजे पश्चिमेला. गाडीने जायला पाऊण तास, पावसाळ्यात एक तास. हिंगण्याजवळ घर घ्यावं तर मुलीची शाळा इकडे, आणि माझं शिवणकामाचं गिऱ्हाईकही इकडेच. आमच्यासारखी हजारो घरं शहराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रोज सकाळी उपसली जातात आणि रात्री परत भरली जातात. त्यात पेट्रोल जळतं, अपघात होतात, पाठ जाते. आणि पहिला घाव बसतो तो बाईच्या नोकरीवर, कारण संध्याकाळी सातनंतर पाऊण तासाचा एकटीचा रस्ता घरच्यांना नको असतो.

म्हणून घर किती स्वस्त आहे एवढंच विचारून भागत नाही. त्या घरातून काम किती दूर आहे, हेही त्याच दमात विचारावं लागतं. आराखड्यानेही हे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडावेत, असं माझं ठाम मत आहे. वर काढलेल्या ८८ हजार घरांत दर घरी सरासरी दीड माणूस कमावता धरला, तर १ लाख ३२ हजार कामं लागतील. ही कामं कोणत्या दिशेला येणार हे आधी कळलं, तरच घरांची दिशा ठरवता येते.

मग नोकऱ्या कोणत्या बाजूला येत आहेत?

दक्षिण आणि पश्चिमेला जास्त. मिहान वर्धा रोडवर विमानतळाला लागून आहे. तिथे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, विमान दुरुस्तीचं केंद्र आहे, एम्स आणि आयआयएम आहेत. मिहानची घोषणा झाली तेव्हा जेवढ्या नोकऱ्यांची स्वप्नं दाखवली गेली, तेवढ्या त्या वेगाने आल्या नाहीत. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांनी त्यासाठी जमिनी दिल्या, हेही विसरता येत नाही. त्याच रस्त्याने पुढे बुटीबोरीची मोठी औद्योगिक वसाहत लागते. हिंगणा एमआयडीसी जुनी, ट्रॅक्टरच्या कारखान्यापासून छोट्या फॅब्रिकेशनच्या शेडपर्यंत सगळं तिथे आहे. अमरावती रोडला बाजारगावकडे स्फोटकं आणि संरक्षण सामग्रीचे कारखाने आहेत. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रं.

पूर्वेला पारडी, कळमना, वाठोडा. तिथे धान्य, मिरची आणि संत्र्याचा मोठा बाजार आहे, ट्रान्सपोर्टचं काम आहे आणि वस्तीही खूप आहे, पण पगाराच्या पक्क्या नोकऱ्या कमी. पूर्व नागपूरचा माणूस पश्चिमेला कामाला जातो, ही आपल्या शहराची जुनी तक्रार आहे. नव्या आराखड्यात पूर्वेला कामाची जागा राखली नाही, तर ही तक्रार पुढच्या पिढीच्या वाट्यालाही येईल.

आमचा मुलगा पुण्याला गेला. तो परत येईल का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक बैठकीत येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज थोडा खाली जातो. दिवाळीच्या आधी पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्स पहाटे थांबतात तिथे एकदा उभं राहून बघा. डोळे चोळत उतरणारी ती सगळी पोरं आपलीच आहेत.

नागपूर आधी मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्यामुळे इथली नोकरदार पिढी सरकारी कार्यालयांभोवती घडली. राजधानी गेली, हिवाळी अधिवेशन उरलं. खासगी नोकऱ्यांची साखळी मात्र पुण्यासारखी तयार झाली नाही. पुण्यात एक नोकरी सुटली की दुसरी त्याच रस्त्यावर मिळते. इथे एक सुटली की बॅग भरावी लागते. मुलं परत यायला हवी असतील तर एका मोठ्या कंपनीने काम होणार नाही. एकाच कामाच्या दहा-पंधरा मध्यम कंपन्या एकमेकींच्या जवळ हव्यात. आणि चाळीस हजारांच्या पगारात फेडता येईल अशा हप्त्याचं घर कामाच्या आसपास मिळायला हवं. तेवढं झालं तर घराची ओढ बाकीचं काम करेल.

शहराबाहेर प्लॉट स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

घ्या, पण आधी माझी गोष्ट ऐका. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा ले-आऊट टाकणाऱ्याने रंगीत नकाशा दाखवला होता. त्यात तीस फुटांचा रस्ता, बगिचा आणि मंदिर. जागेवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. आम्ही मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरले. घर बांधायला गेलो तेव्हा कळलं की त्या रस्त्याची शेवटची दोनशे फूट जमीन दुसऱ्याच शेतकऱ्याच्या नावावर आहे. सात-बारा आम्ही पाहिला होता, पण आमच्या प्लॉटचाच. रस्त्याचा कोण पाहतो? पुढची सहा वर्षं पावसाळ्यात बांधकामाची गिट्टी डोक्यावरून आणली. मुलीला दवाखान्यात न्यायचं तर आधी खांद्यावर मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागायचं.

तेव्हा कागद पाहताना सात-बारावर थांबू नका. असेल तो अकृषक, म्हणजे बिगरशेती, परवानगीचा आदेश, मंजूर ले-आऊटचा शिक्का असलेला नकाशा, आणि त्या खसऱ्याचा (जमिनीच्या सर्व्हे क्रमांकाचा) झोन दाखला भाग नकाशासह मागा. झोन दाखला कोणीही फी भरून घेऊ शकतो. त्यात जमीन निवासी आहे की शेतीची, त्यावर रस्त्याचं किंवा मैदानाचं आरक्षण आहे का, हे लिहिलेलं असतं. जमेल तर भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या. ले-आऊट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाची कुंडली समोर येते. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हेही लक्षात असू द्या. "इसार आजच द्या, उद्या भाव वाढेल" म्हणणाऱ्यापुढून सरळ उठून या.

आमचं ले-आऊट अनधिकृत आहे. आता काय करायचं?

घाबरू नका. निम्म्या नागपूरची हीच कहाणी आहे. नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्रच्या) कामकाजात '५७२' आणि '१९००' हे आकडे रूढ झाले आहेत, ते अशाच ले-आऊटचे. २००१ च्या गुंठेवारी (जमीन गुंठ्यागुंठ्याने तोडून विकणं) कायद्याने अशी बांधकामं नियमित करायची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केली. अर्ज करा, डिमांडची रक्कम भरा आणि आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, हातात घ्या. आरएलशिवाय बँक कर्जाला नाही म्हणते आणि नकाशाही मंजूर होत नाही. मात्र ज्या भूखंडावर सार्वजनिक आरक्षण आहे किंवा जो नाल्यात आहे, त्याचं पत्र सहज मिळत नाही.

कोणत्या कामासाठी कोणत्या कार्यालयात जायचं?

महापालिकेच्या हद्दीत महापालिका आणि नासुप्र. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेली नासुप्र आपल्या योजनांच्या आणि गुंठेवारीच्या ले-आऊटचं काम बघते. हद्दीबाहेर २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए. सातशेहून जास्त गावं त्याच्याकडे आहेत. मिहान आणि एमआयडीसीच्या आत त्यांची स्वतःची यंत्रणा. बेसा, बेलतरोडी, बहादुरा अशा सीमेवरच्या भागांत जाण्याआधी खसरा क्रमांक घेऊनच निघा, नाहीतर दोन खिडक्यांमध्ये दिवस जातो.

मेट्रोजवळ उंच इमारती येत आहेत. हे चांगलं की वाईट?

माझ्या मते बरंचसं चांगलं. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून ४ पर्यंत चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतं. लोक स्टेशनजवळ राहिले तर खापरीकडे किंवा लोकमान्य नगरकडे कामाला जाताना गाडी काढावी लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कन्हान, बुटीबोरी, कापसी आणि हिंगण्यापर्यंत जाणार आहे, म्हणजे थेट कामाच्या दारात. हिंगण्याच्या त्या पाऊण तासाकडे बघता मी या टप्प्याची किती वाट बघते आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण जिथे चार कुटुंबांचा बंगला होता तिथे चाळीस कुटुंबं आली, तर गडर लाईन, पाण्याची टाकी आणि शाळेतली बाकंही त्या हिशेबाने वाढली पाहिजेत. चटई क्षेत्राचं प्रीमियम घेताना तो पैसा त्याच प्रभागात खर्च व्हावा, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

कामगारांनी आणि एकट्या मुलींनी कुठे राहायचं?

या प्रश्नाचं उत्तर आराखडे फारसं देत नाहीत, आणि मला ते खुपतं. वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह, इसासनी या भागांत एका खोलीत पाच-सहा जण पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर. आमच्या ओळखीच्या एका मुलीने मिहानमधली नोकरी तीन महिन्यांत सोडली. पगार ठीक होता, पण तिथून जवळ राहायला जागा नव्हती आणि रात्री पाळी सुटल्यावर मेट्रो स्टेशनवरून घरापर्यंतचा रस्ता अंधारा होता.

मालकीच्या घरांच्या योजना खूप आहेत, पण शहरात नवा आलेला माणूस पहिली पाच वर्षं भाड्यानेच राहतो. औद्योगिक वसाहतीला लागून भाड्याच्या खोल्या आणि महिला वसतिगृहं यांसाठी भूखंड राखून ठेवायला हवेत.

घरासाठी सरकारी मदत मिळते का?

मिळते. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेलं कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात येतं, ६ लाखांपर्यंतचं अल्प आणि ९ लाखांपर्यंतचं मध्यम उत्पन्न गटात. मुख्य अट अशी की देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर पक्कं घर नको. जागा बघताना मात्र घर आणि कामाच्या अंतराचा तोच नियम लावा. घर स्वस्त आणि काम वीस किलोमीटरवर असेल, तर वाचलेला हप्ता पेट्रोलमध्ये जातो. झोपडपट्टीत राहणाऱ्यांनी आधी मालकी पट्ट्याचा, म्हणजे जागेच्या मालकी हक्काच्या कागदाचा, पाठपुरावा करावा. आहे तिथेच, कामाजवळ, स्वतःच्या नावाची जागा मिळण्यासारखं दुसरं काही नाही.

पाणी पुरेल का? आणि पूर?

शहराला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वीज केंद्राला देण्याचं मोठं काम नागपूरने करून दाखवलं, त्याचा मला अभिमान आहे. पण जिथे जलवाहिनी पोचलेली नाही तिथे एप्रिल-मेमध्ये टँकरच्या मागे ड्रम घेऊन धावावं लागतं. शिवाय घरोघरी कूलरलाही पाणी लागतं. प्लॉट बघायला जाल तर मे महिन्यात जा आणि शेजारणीला पाण्याची वेळ विचारा.

पुराचं विचाराल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी काठच्या वस्त्यांत शिरली. तेव्हा चांगल्या, जुन्या वस्त्यांतली तळमजल्याची घरंही बुडाली. नदीला आपली जागा लागते. ती आपण भिंती घालून अरुंद केली, की ती आपल्या घरात वाट काढते. नाग, पिवळी आणि पोरा या तिन्ही नद्यांच्या काठचा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी आधी पूररेषा बघा.

'नवीन नागपूर' काय आहे? आमची शेती जाणार का?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथे सुमारे ६९२ हेक्टरवर आंतरराष्ट्रीय व्यवसाय व वित्तीय केंद्र उभारायला मंजुरी दिली. शहराभोवतीच्या नव्या बाह्य वळण रस्त्यालाही त्याच महिन्यात मंजुरी मिळाली. या दोन गावांत किंवा रस्त्याच्या रेषेत तुमची जमीन असेल, तर दलालाला काही लिहून देण्याआधी अधिसूचनेतले गट क्रमांक स्वतः तपासा. जमीन देणाऱ्या घरातल्या मुलांना तिथल्या कामाचं प्रशिक्षण पायाभरणीच्या आधी सुरू व्हावं. मिहानच्या गावांचा अनुभव हेच सांगतो.

माझ्या जागेवर आरक्षण आहे, पण वर्षानुवर्षं काहीच झालं नाही.

अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झालं नाही, तर त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द झाल्याचं मानलं जातं. यासाठी मात्र वकील कराच. आणि एक विनंती, तुमच्या जागेवरचं आरक्षण शाळेचं किंवा मैदानाचं असेल, तर मोबदला घेऊन ते होऊ देण्याचाही विचार करा. वस्तीत खेळायला जागा उरलेली नाही.

जनगणनेचा याच्याशी काय संबंध?

सगळाच. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून आजही २०११ चे आकडे पुढे ओढून पाणी, शाळा आणि घरं ठरतात. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात आला की भाडेकरूंची नावंही सांगा. त्यांची नावं गाळली तर शहराच्या हिशेबात ते नाहीतच.

आराखड्यावर हरकत कशी घ्यायची? सामान्य माणसाचं कोण ऐकतं?

प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि अर्जदाराला बोलावलं जातं. मुदत संपल्यावर लिहिलेलं सुंदर पत्र कामाचं नाही. अर्ज साध्या मराठीत चालतो. त्यात खसरा क्रमांक, नकाशाच्या शीटचा क्रमांक आणि एकच स्पष्ट मागणी असावी. पोच घ्या आणि तिची झेरॉक्स जपून ठेवा. पन्नास लोकांनी एकाच कागदावर सह्या करण्यापेक्षा पन्नास वेगळे अर्ज द्यावेत, कारण प्रत्येक अर्जाची वेगळी नोंद होते.

आमच्या समितीने तयार ठेवलेला मसुदा असा आहे, हवा तसा बदलून घ्या:

"आमच्या वस्तीत अंदाजे ४०० कुटुंबं राहतात. सर्वांत जवळची शाळा तीन किलोमीटरवर आहे आणि बहुतेक कमावती माणसं हिंगणा व बुटीबोरी येथे कामाला जातात. प्रारूप आराखड्यात खसरा क्रमांक ... येथील खुली जागा निवासी दाखवली आहे. ती प्राथमिक शाळा व बसथांब्यासाठी राखून ठेवावी, आणि वस्तीपासून मेट्रो स्टेशनपर्यंतचा रस्ता १२ मीटर रुंदीचा दाखवावा, ही विनंती. सुनावणीस मी स्वतः हजर राहीन."